मुंजीच्या पत्रिकेसाठी हस्ताक्षरी फाँट

प्रश्न : मुंजीची पत्रिका मराठी आणि गुजराती अशी छापायची आहे. बटूचं नाव खेळकर, हाताने रंगवल्यासारख्या अक्षरात हवं. पण संगणकावर शिरोरेषा तुटते. काय करावं? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यावर आणा. शिरोरेषा तुटते ती बहुतेक त्यामुळेच. जोडाक्षरंही सुटत असतील, तर अडोबी इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून भारतीय लिपींची अक्षरं नीट जोडणारा 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कंपोझर निवडा.

फाँट 'कलम' घ्या. तो मोफत आहे, तीन वजनांत, म्हणजे रेघांच्या तीन जाड्यांत मिळतो आणि त्याचा तिरकसपणा बोरूपेक्षा पेनाच्या जवळचा आहे. त्यात गुजराती नाही, म्हणून गुजराती बाजूला 'बलू भाई' वापरा. ती गोलसर अक्षरं हस्ताक्षरी नसली तरी खेळकर आहेत. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने त्याच आकारात ती ओळ हलकी दिसते. एक-दोन पॉइंट वाढवून डोळ्यांनी जुळवा.

५ बाय ७ इंची पत्रिकेत नाव ३६ ते ४२ पॉइंट ठेवा. मुहूर्त, पत्ता, निमंत्रकांची नावं मात्र ११-१२ पॉइंटच्या सरळ फाँटमध्येच हवीत. सगळंच वळणदार केलं की आजोबांना वेळ वाचता येत नाही, आणि पत्रिका तर त्यासाठीच असते!

निवड पक्की करण्याआधी 'श्री', 'कृष्ण', 'गोऱ्हे' टाइप करून पाहा. 'ऱ्ह' अनेक सजावटी फाँटमध्ये बिघडतो. गडद मरून कागदावर सोनेरी फॉइल असेल तर ठळक वजन घ्या, कारण बारीक रेघा तुटक उमटतात. छापखान्याला फाइल देताना अक्षरांच्या आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करा, आणि बदलांसाठी मूळ प्रत वेगळी जपा.