परदेशी शाळा पाहायला जाणाऱ्या मुख्याध्यापकांनी काय पाहावे?

मॅडम, शैक्षणिक आदानप्रदान कार्यक्रमातून दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस जपानमधील प्राथमिक शाळा पाहण्यासाठी आपली निवड झाली, याबद्दल मनापासून अभिनंदन. तेथे नेमके काय पाहावे, असे आपण विचारले आहे. पंचवटीतील आमच्या शाळेतर्फे मी अशाच भेटीवर जाऊन आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. काळ उत्तम निवडला आहे. तेथील शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे आपल्या सुट्टीत त्यांच्या शाळा ऐन भरात असतात.

माझी पहिली विनंती अशी की, कार्यक्रमपत्रिकेत सहा शाळा असतील तर त्या दोनवर आणाव्यात. पहिल्या तीन दिवसांत मी चार शाळा पाहिल्या आणि वर्ग झाडणारी, पांढऱ्या टोप्या घालून एकमेकांना जेवण वाढणारी मुले, ओळीत लावलेली पादत्राणे अशी छायाचित्रे तेवढी जमवली. हे सारे पाहण्यासारखे आहेच. पण ज्यासाठी एवढ्या लांब जावे, ते मला चौथ्या दिवशी चौथीच्या एका वर्गात दिसले.

त्या दिवशी तेथे ‘जुग्यो केंक्यू’ होते. शिक्षकांनी मिळून एखाद्या पाठाचे टाचण तयार करायचे, एकाने तो प्रत्यक्ष वर्गात घ्यायचा, बाकीच्यांनी पाहायचा आणि नंतर एकत्र बसून चर्चा करायची, अशी ही पद्धत असून तिची मुळे मेजी काळापर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, जातात. पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत एकच उदाहरण होते: इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या आकृतीचे क्षेत्रफळ काढा. कोणी आकृतीचे दोन आयत केले, कोणी कोपरा भरून मोठा आयत केला व जादा भाग वजा केला. एका मुलीने मात्र सर्वांत लांब दोन बाजूंचा सरळ गुणाकार करून उत्तर लिहिले. बाईंनी ते खोडले नाही. तिच्या नावासह फळ्यावर मांडले आणि ‘हिने नेमके कशाचे क्षेत्रफळ काढले?’ असे वर्गाला विचारले. तासिका संपेपर्यंत डस्टर हातात घेतले गेले नाही. डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांच्या रीती, उजवीकडे निष्कर्ष, असा संपूर्ण तास फळ्यावर वाचता येत होता. या फलकलेखनाला ते ‘बान्शो’ म्हणतात आणि त्याचा आराखडा टाचणातच असतो. भिंतीलगत उभे असलेले शिक्षक मुलांना काहीही सांगत नव्हते, फक्त कोणते मूल कोठे अडले हे टिपत होते. नंतरच्या चर्चेत बाई चांगल्या की वाईट, हा विषयच निघाला नाही. बराच वेळ त्या एका मुलीच्या वहीवर बोलणे झाले.

परतल्यावर मी घाई केली. सूचना काढून दरमहा एक पाठ सर्वांसमोर घेण्यास सांगितले. परिणाम असा झाला की शिक्षकांनी आदर्श पाठ बसवले आणि मुलांकडून उत्तरे आधीच पाठ करून घेतली. त्यात त्यांचा दोष नव्हता. आपल्याकडे मुख्याध्यापक वर्गात मागे बसला की लॉगबुकात शेरा पडणार, हे वर्षानुवर्षांचे समीकरण आहे. ते माझ्या एका सूचनेने कसे बदलणार? पुढच्या जूनमध्ये मी स्वतः पाचवीला अपूर्णांकांचा पाठ घेतला व सहकाऱ्यांना पाहायला बोलावले. छेद वेगळे असताना मुले सरळ अंशांची बेरीज करत होती आणि मी ते न पाहता पुढे गेलो, हे सर्वांत तरुण शिक्षिकेने दाखवून दिले. त्या दिवसापासून वर्गांची दारे उघडू लागली. आता महिन्यातील एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चर्चा होते, त्या पाठाची लॉगबुकात नोंद होत नाही, आणि बोलायचे ते मुलांविषयीच, एवढा एकच नियम आहे.

आदानप्रदान म्हटले की ते लोकही इकडे येणार, याचा विचार आतापासून करावा. आमच्याकडे पाहुणे आले तेव्हा लेझीम, रांगोळ्या आणि सत्कारांत अर्धा दिवस गेला. त्यांना वर्ग पाहायचे होते. त्यांतील एक मुख्याध्यापिका दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुद्दाम थांबल्या. प्रार्थना, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, सारे मुलेच चालवतात, हे त्यांनी बारकाईने लिहून घेतले. जे आपण रोजचे म्हणून पाहतही नाही, ते त्यांना न्यावेसे वाटले, याचा मला फार आनंद झाला.

काही व्यवहाराच्या गोष्टी: परदेश प्रवासाच्या परवानगीचा अर्ज संस्थेमार्फत लवकर द्यावा. मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. दुभाषा दिवसभर सोबत असेल, याची खात्री करून घ्यावी. जो पाठ पाहायचा आहे, त्याचे टाचण यजमान शाळेकडून आधी मागवून त्याचे मराठी भाषांतर करून घ्यावे आणि निघण्यापूर्वी आपल्या गणिताच्या शिक्षकांसोबत ते वाचावे. मुले कोठे अडतील, याचा त्यांचा अंदाज लिहून सोबत न्यावा व तेथील वर्गात तो ताडून पाहावा. आमच्या शाळेत भाषांतरित केलेली दोन टाचणे आहेत. पंचवटीत आलात तर प्रती देईन.