बस 'लावायची' की 'संरूपित करायची'?

घणसोलीहून एकाने विचारलंय: "महाप्याला कंपनीत डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारी सॉफ्टवेअर, लिहितो. नव्या मुलांसाठी मराठीत टिपण करतोय. 'ड्रायव्हरमध्ये बस कॉन्फिगर करणे' याला 'चालकामध्ये वाहिनी संरूपित करणे' असं लिहिलं तर चालेल का?"

चालेल, पण कळणार कुणाला?

आधी बस. ही बस आणि आपण ठाण्यात सॅटिसवर रांगेत उभं राहून पकडतो ती, दोघींचं मूळ एकच: लॅटिन 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांना'. १८२०च्या दशकात फ्रान्सातल्या नांत शहरात कुणीही चढावं अशा घोडागाड्यांना हे नाव मिळालं. पुढे शब्द झिजला आणि शेपूट तेवढं उरलं. ते शेपूट म्हणजे नुसता विभक्तिप्रत्ययाचा तुकडा, 'सर्वांना'मधल्या 'ना'सारखा! विजेच्या पॅनेलमधली तांब्याची पट्टी, बसबार, तीही याच घराण्यातली. संगणकातली बस म्हणजे अनेक उपकरणांनी मिळून वापरायच्या तारा. तेव्हा 'बस'च ठेवा, स्त्रीलिंगी.

'वाहिनी' घेतलीत तर डीएमए चॅनेल (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीत डेटा नेणारी वाट) आला की अडाल. 'मार्गिका' पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डासारखी कार्डं जोडायच्या बसच्या, लेनसाठी राखून ठेवा. घोडबंदर रोडच्या बातम्या वाचणाऱ्याला 'सोळा मार्गिकांचा स्लॉट' समजावून सांगावा लागणार नाही.

'चालक' नको. ड्रायव्हर बस हाकत नाही, बसला जोडलेलं उपकरण हाकतो. बसच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर निराळा असतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर उपकरण आणि ड्रायव्हर यांची जोडी बसच जमवते. म्हणजे ती वाहन कमी आणि वधूवर सूचक केंद्र जास्त.

खरा प्रश्न 'कॉन्फिगर'चा. 'संरूपित' मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आपल्याकडे 'लावणे' आहे की! घड्याळ लावतो, रेडिओ विविधभारतीवर लावतो, तंबोरा लावतो. तंबोऱ्याचं उदाहरण तर इथे नेमकं बसतं, कारण गाणाऱ्याचा गळा पाहून स्वर ठरतो. आय-टू-सी बसचंही (चिपा एकमेकींना जोडणाऱ्या दोन तारांचंही) तेच. फिलिप्सने १९८२ साली आणलेल्या या बसचा मूळ वेग १०० किलोहर्ट्झ, पुढे ४०० आला. पण चारशेला न झेपणारं एखादं जुनं उपकरण त्याच तारांवर असेल, तर सगळी बस शंभरावर लावावी लागते. 'बस १०० किलोहर्ट्झवर लावा' हे वाक्य मुलांना एकदाच सांगावं लागेल.

एक खोच आहे. उपकरणाचा पत्ता मात्र 'लावू' नका. मराठीत पत्ता लावणे म्हणजे शोधून काढणे. तिथे 'पत्ता द्या' लिहा, नाहीतर मुलं सगळे पत्ते स्कॅन करत बसतील.