कन्सोलची ‘पिढी’: शब्द योग्य आहे, पण तो कशाचे माप आहे?

व्हिडिओ गेमविषयी मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की ‘कन्सोल जनरेशन’ (कन्सोल म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे, बहुधा टीव्हीला जोडायचे यंत्र) या शब्दप्रयोगातील ‘जनरेशन’ला मराठीत ‘पिढी’ म्हणावे, की ‘युग’, ‘पर्व’ किंवा ‘आवृत्ती’ यांपैकी एखादा शब्द अधिक चपखल ठरेल. आपल्या लेखातील एक वाक्यही त्यांनी तपासण्यासाठी दिले आहे: ‘नव्या पिढीचा कन्सोल जुन्या पिढीपेक्षा साडेपाचपट शक्तिशाली आहे.’ शब्द कोणता या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. ‘पिढी’च म्हणावे. वाक्य मात्र तसेच ठेवू नये, आणि ते का ठेवू नये हे सांगण्यासाठी कन्सोलची पिढी मुळात ठरते कशी, याकडे वळावे लागते.

‘युग’ आणि ‘पर्व’ हे काळाचे शब्द आहेत. एक संपले की दुसरे सुरू होते. कलियुग लागले म्हणजे द्वापरयुग सरले. पिढीचे तसे नसते. आजी, आई आणि नात एका घरात, एका वेळी नांदतात, आणि तरीही त्या तीन पिढ्या असतात. कन्सोलच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे. सोनी कंपनीचा, सहाव्या पिढीतील प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानात विक्रीस आला आणि त्याचे उत्पादन २०१३ च्या सुरुवातीपर्यंत चालू राहिले. तोवर प्लेस्टेशन ३ येऊन सहा वर्षे उलटली होती आणि त्याच वर्षी प्लेस्टेशन ४ येणार होता. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा भारतात तयार झालेला गेम २००९ साली प्लेस्टेशन २ साठीच निघाला, म्हणजे पुढची पिढी बाजारात येऊन तीन वर्षे झाल्यावर. हे चित्र ‘सहावे युग’ म्हणून मांडता येत नाही, ‘सहावी पिढी’ म्हणून सहज मांडता येते.

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. मराठीत पिढी ही नात्याने ठरते, वयाने किंवा बळाने नाही. मोठ्या एकत्र कुटुंबात धाकटा काका वयाने थोरल्या पुतण्याहून लहान असल्याची उदाहरणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पुतण्या वयाने मोठा आणि अंगाने धिप्पाड असला, तरी पिढी काकाचीच वरची मानली जाते आणि हाकही ‘काका’ अशीच मारली जाते. कन्सोलच्या जगात याचे एक उत्तम उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन एक्स या यंत्राची ग्राफिक्स क्षमता ६ टेराफ्लॉप (गणनवेगाचे एक माप) होती, तर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एस या यंत्राची ४ टेराफ्लॉप. मेमरीही पहिल्यात १२ गिगाबाइट आणि दुसऱ्यात १० गिगाबाइट. तरीही पहिला आठव्या पिढीतला आणि दुसरा नवव्या पिढीतला, याविषयी कोणाचे दुमत नाही. कारण पहिला हा २०१३ च्या एक्सबॉक्स वनचे बळकट रूप होता, त्याचे गेम मूळ यंत्रावरही चालणे अपेक्षित होते, आणि दुसरा हा नव्या कुळाची सुरुवात करणाऱ्या जोडीतील (सिरीज एक्स आणि सिरीज एस) धाकटा होता.

‘आवृत्ती’ हा शब्द याच ठिकाणी कामाला येतो, म्हणून तो ‘जनरेशन’साठी खर्च करू नये. प्लेस्टेशन ४ प्रो किंवा एक्सबॉक्स वन एक्स या सुधारित आवृत्त्या आहेत, जशी पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघते पण पुस्तक तेच राहते. पिढी आणि आवृत्ती हे दोन शब्द वेगळे राखले, तर लेखकाला पुढे पुष्कळ स्पष्टीकरण वाचवता येते.

आता ही पिढी ठरवतो कोण? मोबाइल सेवेतील ४जी आणि ५जी यांतही पिढीच मोजली जाते, पण तिथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आवश्यक गुणधर्म लेखी ठरवून देतो. संगणकाच्या पिढ्या आपण शाळेत शिकतो त्या घटकावरून ठरतात: निर्वात नळी, ट्रान्झिस्टर, एकात्मिक परिपथ, मायक्रोप्रोसेसर. कन्सोलच्या पिढ्यांना असा अधिकारी नाही आणि असा एकच घटकही नाही. ज्या यंत्रांनी साधारण एकाच काळात, एकाच गिऱ्हाइकासाठी एकमेकांशी स्पर्धा केली आणि जी आपापल्या घराण्यातील आधीच्या यंत्राची जागा घेण्यासाठी आली, ती एका पिढीची, असा हा रूढीने बनलेला हिशेब आहे. १९७२ च्या मॅग्नावॉक्स ओडिसीपासून पहिली पिढी धरतात. बदलता येणाऱ्या कार्ट्रिजची (गेम साठवलेल्या, यंत्रात घालायच्या डबीची) आणि १९७७ च्या अटारी २६०० ची दुसरी. १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमपासून तिसरी. आणि अशा क्रमाने २०२० च्या प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स यांची नववी.

हा हिशेब जपान आणि अमेरिका येथील बाजारावरून झालेला आहे, हेही मराठी लेखकाने ध्यानात ठेवावे. आपल्याकडे १९९० च्या दशकात अनेक घरांत टीव्हीला जोडून जो ‘व्हिडिओ गेम’ खेळला गेला, तो बहुधा फॅमिकॉमची नक्कल असे, आणि त्यात घालायच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत. जगाच्या हिशेबाने ती तिसरी पिढी होती, तर तेव्हा जपानात पाचवी अवतरलेली होती. त्या काळाविषयी लिहिताना ‘त्या वेळची पिढी’ असे मोघम लिहिले, तर वाचकाने कोणता हिशेब धरायचा हे कळत नाही. (आणि ‘कॅसेट’ हा शब्द त्या आठवणींत लिहिताना जरूर वापरावा, त्याच्या जागी ‘कार्ट्रिज’ लिहिणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले, तरी ते त्या मुलांच्या तोंडचे नव्हे.)

प्रश्नकर्त्यांच्या मूळ लेखात आणखी एके ठिकाणी ‘८ बिट पिढी’ आणि ‘आठवी पिढी’ हे दोन शब्दप्रयोग जवळजवळ आले आहेत, आणि ते एकच असावेत असा समज होऊ शकतो. ‘८ बिट पिढी’ हे तिसऱ्या पिढीचे लोकप्रिय नाव आहे. आठवी पिढी २०१२ साली निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलने सुरू झाली. बिटांवरून पिढी मोजण्याची सवय जाहिरातींनी लावली. सेगा कंपनीने १९८८ साली मेगा ड्राइव्ह हा कन्सोल बाजारात आणला, तेव्हा त्याच्या झाकणावर ‘१६ बिट’ ही अक्षरे ठळकपणे उमटवली होती. बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी किती लांबीची संख्या हाताळतो त्याचे माप: ८ बिटांत २५६ वेगवेगळी मूल्ये मावतात, १६ बिटांत ६५,५३६. म्हणजे ‘१६ बिट म्हणजे ८ बिटच्या दुप्पट ताकद’ हे वाक्य कोणत्याही अर्थाने खरे नाही. संख्यांचा आवाका दुपटीहून कितीतरी अधिक वाढतो आणि यंत्राचा वेग त्यावरून मुळीच कळत नाही.

शिवाय बिट आणि पिढी यांची जोडी इतिहासात फार काळ जुळलेलीच नाही. मॅटेल कंपनीचा इंटेलिव्हिजन हा दुसऱ्या पिढीतील कन्सोल होता आणि त्याचा प्रोसेसर १६ बिटांचा होता, तर त्याच्यामागून आलेल्या तिसऱ्या पिढीला सारे जग ८ बिट म्हणते. टर्बोग्राफिक्स-१६ या कन्सोलच्या नावातच सोळाचा आकडा आहे, पण त्याचा मुख्य प्रोसेसर ८ बिटांचा होता; सोळाचा दावा त्याच्या ग्राफिक्स चिपांवर उभा होता. मेगा ड्राइव्हमधील मोटोरोला ६८००० या प्रोसेसरचे आतील रजिस्टर (प्रोसेसरमधील तात्पुरती साठवणजागा) ३२ बिटांचे होते आणि माहिती वाहणारा मार्ग १६ बिटांचा, त्यामुळे त्याला काय म्हणावे हे कोणता भाग मोजतो यावर अवलंबून राहते. १९९३ साली अटारीने जॅग्वार ६४ बिटांचा म्हणून विकला, तेव्हा त्यावरून झालेला वाद याच कारणाने झाला. सर्वांत बोलके उदाहरण सहाव्या पिढीचे आहे. सेगाचा ड्रीमकास्ट आणि प्लेस्टेशन २ यांच्यामुळे त्या पिढीला ‘१२८ बिट’ म्हणण्याची प्रथा पडली, आणि त्याच पिढीत २००१ साली मायक्रोसॉफ्टने जो पहिला एक्सबॉक्स आणला, त्यात इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्‌झचा, ३२ बिटांचा प्रोसेसर होता. बिटांच्या हिशेबाने तो मागच्या पिढीतला ठरला असता. प्रत्यक्षात तो आपल्या समकालीनांत सर्वांत बलवान यंत्रांपैकी एक होता. त्यानंतर बिटांचा आकडा जाहिरातींतून जवळजवळ नाहीसा झाला.

मग त्याची जागा दुसऱ्या आकड्यांनी घेतली. प्रोसेसरचा वेग घ्यावा, तर प्लेस्टेशन ३ चा ३.२ गिगाहर्ट्‌झ आणि त्याच्या वारसाचा, प्लेस्टेशन ४ चा, १.६ गिगाहर्ट्‌झ, मुलाचा आकडा बापाच्या निम्म्यावर आलेला दिसतो, कारण दोन प्रोसेसरांची घडणच वेगळी होती आणि प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात होणारे काम सारखे नव्हते. टेराफ्लॉप या आकड्याचीही तीच गत आहे. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी दशांश-गणिते. हा आकडा मोजून काढलेला नसतो, गुणाकार करून मांडलेला असतो: प्लेस्टेशन ४ मध्ये गणन करणारे १८ विभाग, प्रत्येकात ६४ गणनघटक, प्रत्येक ठोक्याला २ गणिते आणि सेकंदाला ८० कोटी ठोके, यांचा गुणाकार १.८४ टेराफ्लॉप होतो. प्लेस्टेशन ५ साठी हेच गणित ३६ विभाग आणि २.२३ गिगाहर्ट्‌झ घेऊन केले की १०.२८ येतात. हा कमाल मर्यादेचा आकडा आहे; एखादी मोटार उतारावर जास्तीत जास्त किती वेगाने जाईल ते सांगावे, तसा.

प्लेस्टेशन ५ चे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील आपल्या जाहीर विवेचनात हा मुद्दा आवर्जून मांडला होता. नव्या यंत्रातील एकेका विभागात प्लेस्टेशन ४ मधील विभागापेक्षा ६२ टक्के अधिक ट्रान्झिस्टर आहेत, असे त्यांनी सांगितले. म्हणजे दोन पिढ्यांतील ‘विभाग’ हे एककच सारखे राहिलेले नाही. ‘तुलना’ हा शब्द आपण तुलेवरून, तराजूवरून घेतला आहे. तराजूत तोलताना दोन्ही पारड्यांना एकच वजन लावावे लागते, आणि इथे ते पिढीगणिक बदलत असते.

प्रश्नकर्त्यांच्या वाक्यातील ‘साडेपाचपट’ याच गुणाकारांतून आलेले दिसते: १०.२८ ला १.८४ ने भागले की सुमारे साडेपाच येतात. आकडा चुकीचा नाही, पण तो कशाचा आहे हे वाक्यात नाही. त्याच दोन यंत्रांची मेमरी ८ गिगाबाइटवरून १६ गिगाबाइट झाली, म्हणजे दुप्पट; आणि प्लेस्टेशन ४ ची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण ५० ते १०० मेगाबाइट वाचत असे, तिथे प्लेस्टेशन ५ ची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली साठवण) ५.५ गिगाबाइट वाचते, म्हणजे पन्नासपटीहून अधिक. एकाच जोडीसाठी दुप्पट, साडेपाचपट आणि पन्नासपट हे तिन्ही आकडे खरे आहेत. खेळणाऱ्याला सर्वांत आधी जाणवतो तो यांतला तिसरा, कारण गेम सुरू होण्याची वाट पाहणे संपते. ‘शक्तिशाली’ या एका विशेषणात हे तिन्ही कोंबले, की वाक्य वजनदार होते आणि अर्थ निसटतो. म्हणून विशेषणाऐवजी नाम वापरावे: गणनक्षमता, मेमरी, वाचनवेग.

त्या वाक्यात भाषेच्याही दोन अडचणी आहेत. ‘नव्या पिढीचा कन्सोल’ हे शब्द मराठी वाचकाच्या कानी पडले, की ‘नव्या पिढीची भाषा’ किंवा ‘नव्या पिढीचे संगीत’ यांच्या धर्तीवर ‘तरुणांचा कन्सोल’ हाच अर्थ आधी उमटतो. षष्ठीऐवजी ‘पिढीतील’ असे लिहिले, की पिढी यंत्रांची आहे हे स्पष्ट होते. आणि सध्या एक वेगळाच धोका आहे: ‘नव्या’ आणि ‘नवव्या’ यांत एका अक्षराचा फरक असल्यामुळे मुद्रितशोधकाच्या हातून एकाचे दुसरे सहज होते. नवी पिढी नववीच आहे तोवर निभावेल, दहावी आल्यावर जुने लेख चुकीचे वाचले जातील. म्हणून निदान या पिढीपुरते ‘९ व्या पिढीतील’ असे अंकात लिहावे, असे मी सुचवेन.

‘जुन्या पिढीपेक्षा’ हा शब्दप्रयोगही तपासायला हवा. एका यंत्राची तुलना अख्ख्या पिढीशी होऊ शकत नाही, कारण एका पिढीत बळाने अगदी विषम यंत्रे असतात. सातव्या पिढीतील निन्टेन्डोचा वी हा प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांच्या तुलनेत बराच दुबळा होता, त्याचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्‌झचा होता, आणि तरीही १० कोटींहून अधिक खपून तोच त्या पिढीत सर्वाधिक विकला गेला. निन्टेन्डोच्याच स्विचने तर पिढीचा हिशेब अवघड करून ठेवला. तो मार्च २०१७ मध्ये वी यूचा वारस म्हणून आला. नात्याने पाहिले तर त्याची पिढी पुढची, समकालाने पाहिले तर प्लेस्टेशन ४ च्या बरोबरीची, म्हणजे आठवी. बहुतेक जण त्याला आठवीतच धरतात. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ बद्दल हाच पेच पुन्हा उभा आहे. अशा वेळी पिढीचा क्रमांक न लिहिता ‘स्विचचा वारस’ असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

तेव्हा ते वाक्य मी असे लिहीन: ‘९ व्या पिढीतील प्लेस्टेशन ५ ची ग्राफिक्स गणनक्षमता, कागदावरील कमाल आकड्यांनुसार, ८ व्या पिढीतील मूळ प्लेस्टेशन ४ च्या सुमारे साडेपाचपट आहे.’ यात ‘मूळ’ हा शब्द गाळू नये. प्लेस्टेशन ४ प्रोची क्षमता ४.२ टेराफ्लॉप होती, आणि त्याच्याशी ताडून पाहिले तर साडेपाचाचे अडीचही उरत नाहीत. ‘च्या साडेपाचपट’ लिहावे, ‘पेक्षा साडेपाचपट अधिक’ लिहू नये, कारण दुसऱ्या रचनेत मूळ एक पट धरली की वगळली याचा संशय राहतो.