विंटेज खटाऱ्याला शुभेच्छा?

प्रश्न असा आहे : जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या एका मित्राला साठ वर्षं पूर्ण होताहेत. कार्डावर ‘आमच्या विंटेज खटाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा’ असं लिहायचं ठरतंय, पण ‘खटारा’ अपमानकारक वाटेल का?

खरं तर खटकायला हवा तो ‘विंटेज’. हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा आणि त्या त्या वर्षाच्या वाइनचा. गाड्यांच्या दुनियेत तो नंतर आला. इंग्लंडमध्ये १९३४ साली विंटेज गाड्यांचा क्लब निघाला, त्याच्या हिशेबाने १९३० संपेपर्यंत बनलेल्या गाड्याच विंटेज. म्हणजे माणसांना लावायचा तर पंचाण्णव ओलांडलेल्यांनाच तो शोभेल. इतरत्र कुणी हटकणार नाही, पण शौकिनाच्या हातात हे कार्ड गेलं की तो आधी ही चूक काढेल आणि मग आभार मानेल. ‘क्लासिक’ लिहा, त्याची व्याख्या क्लबागणिक बदलते, त्यामुळे भांडण टळतं. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फीवा किमान ३० वर्षं जुन्या गाडीला ‘ऐतिहासिक’ मानते. त्या न्यायाने तुमचे मित्र दोनदा ऐतिहासिक झाले!

आता ‘खटारा’. हा शब्द मोटारीआधीचा आहे, ओझी वाहणारा बैलांचा गाडा तो खटारा. त्यात हिणवण्यासारखं काही नव्हतं. मोटारी आल्या आणि त्यांच्यापुढे हा गाडा खडखडाट करणारा, मंद वाटू लागला, तसं त्याचं नाव मोडक्या मोटारीला चिकटलं. इंग्रजीतल्या ‘क्रॉक’ची कथाही अशीच जनावरांमधून येते. आधी म्हातारी मेंढी, मग थकलेला घोडा, मग थकलेला माणूस आणि शेवटी जुनी मोटार. लंडन ते ब्रायटन ही १९०५ पूर्वीच्या गाड्यांची फेरी निघते, तिला लोक लाडाने ‘ओल्ड क्रॉक्स’ म्हणतात. तेव्हा साठीच्या माणसाला खटारा म्हणणं ही काही मराठीचीच आगळीक नव्हे.

मराठीची खरी गंमत लिंगात आहे. गाडी ‘ती’. बिघडू लागली की ‘तो खटारा’. आणखी खालावली की ‘ते डबडं’, ‘ते धूड’. हे नपुंसकलिंग मोठं लबाड आहे : तुच्छतेने बोलायचं तरी तेच आणि लाड करायचे तरी तेच. ‘कार्टं’ म्हणजे शिवीही आणि मायाही. कुठली ते सुरावर कळतं. म्हणून मालक स्वतः ‘माझं डबडं’ म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात मऊपणा असतो, आणि दुसऱ्याने तोच शब्द वापरला की कपाळाला आठी पडते. तुमच्या मित्राने स्वतःच्या गाडीला कधी खटारा म्हटलंय का, ते आठवून पाहा. म्हटलं असेल तर परवाना मिळाला असं समजा.

एका शब्दापासून मात्र दूर राहा, तो म्हणजे ‘स्टेपनी’. शब्द मोठा मोलाचा, वेल्समधल्या लनेथ्ली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरून आलेला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. तिथल्या कारखान्याने १९०४ च्या सुमारास आरे नसलेली, टायर चढवलेली धाव (चाकाची गोल कड) विकायला काढली, पंक्चर झालेल्या चाकावरच ती अडकवायची. इंग्रजांनी हा शब्द जवळपास टाकून दिला, आपण अजून रोज वापरतो. पण आपल्याकडे त्याला संसाराबाहेरच्या नात्याचा चावट अर्थही आहे, आणि कार्ड वहिनींच्या हाती पडणारच.

तेव्हा असं लिहा : ‘आमच्या क्लासिक खटाऱ्याला साठीच्या शुभेच्छा! इंजिन तेच, चासी तीच, नंबर जुळताहेत.’ नंबर जुळणं, म्हणजे कारखान्यातून निघताना होतं तेच इंजिन अजून गाडीत असणं, ही शौकिनांच्या लेखी सर्वांत मोठी शाबासकी. फक्त त्यांनी गुडघा बदलून घेतला असेल, तर शेवटचं वाक्य गाळा.