नॅसकारचा ड्रायव्हर व्हायला शार्लटला येऊ का?

तुझा मेल सावकाश वाचला. वय १९, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला, कार्टिंग कोल्हापुरात शिकलास, कोइम्बतूरला फॉर्म्युला एलजीबी या सुरुवातीच्या शर्यत मालिकेचे दोन हंगाम केलेस, आणि आता कॉलेज सोडून नॅसकारसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींसाठी, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला यायचं म्हणतोस. बाबा दोन एकर काढायला तयार आहेत. व्हिसा कुठला, पैसे किती आणि सुरुवात कुठून, असे तीन प्रश्न विचारलेस. मी इथे एका संघाच्या शॉपमध्ये (वर्कशॉपमध्ये) डँपरवर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरवर, काम करतो. स्वतः ड्रायव्हर नाही, पण ड्रायव्हर कसे येतात आणि कसे जातात हे जवळून बघतो.

आधी उत्तर सांगून टाकतो : ड्रायव्हर म्हणून येऊ नकोस. शिकायला ये, इथे राहण्याचा हक्क कमव आणि त्याच्या जोडीने शर्यती कर. जमिनीला हात लावू नका.

मुद्दा पैशाचा आहे, आणि तो भारतात बसून नीट कळत नाही. क्रिकेटमध्ये कुणीतरी तुझी निवड करतं आणि मग पैसे येतात. इथे खालच्या पायऱ्यांवर ड्रायव्हरच पैसे घेऊन येतो. गाडी, शॉप, मेकॅनिक सगळं संघाचं. त्या गाडीत बसायचं भाडं तू किंवा तुझा प्रायोजक भरतो. आर्का या खालच्या मालिकेत एका शर्यतीला ५० हजार डॉलरच्या पुढच्या बोली ऐकू येतात, त्यावरच्या ट्रक मालिकेत (पिकअप ट्रकच्या शर्यती) लाखाच्या आसपासच्या. तुमचे दोन एकर एक-दोन रात्रींत संपतील, आणि त्यातली एक रात्र दुसऱ्याच कुणाच्या चुकीने भिंतीवर आपटून संपलेली असेल. त्याचे पैसे परत मिळत नाहीत. कप या सर्वांत वरच्या मालिकेतल्या आघाडीच्या ड्रायव्हरांना लाखो डॉलर मिळतात हे खरंच आहे, पण पूर्ण हंगामाच्या कायम जागा ३६. त्या ३६ चार्टरच्या, म्हणजे हंगामभर जागा राखून देणाऱ्या परवान्यांच्या, आणि ते परवाने संघमालकांचे. ड्रायव्हर कंत्राटी माणूस.

कप ड्रायव्हर डेनी हॅम्लिनच्या आईवडिलांनी घर गहाण टाकून त्याला शर्यतीत ठेवलं होतं, हे उदाहरण तू किंवा बाबा देणारच, म्हणून आधीच बोलतो. हॅम्लिन व्हर्जिनियाचा. पैसे संपले असते तरी तो त्याच गावात, त्याच ट्रॅकवर, स्वतःच्या देशात राहिला असता. तुझे पैसे संपले तर व्हिसाही संपतो.

आता व्हिसा. गंमत म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नियमावलीत बी-१ व्हिसाखाली गोल्फपटूंच्या जोडीला मोटार शर्यतपटूंचा स्पष्ट उल्लेख आहे. पगार किंवा मानधन नाही, फक्त बक्षिसाची रक्कम, अशा अटीवर स्पर्धेत उतरता येतं. बरेच एजंट नेमकं हेच दाखवून मुलांना आणतात. पण त्यावर इथे घर करता येत नाही आणि संघाकडून एक डॉलर मानधन घेतलं की अट मोडली. दुसरा रस्ता पी-१, आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूचा. तो पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण त्याला नाव लागतं आणि अर्ज करणारा इथला संघ किंवा एजंट लागतो. फॉर्म्युला एलजीबीच्या दोन हंगामांवर ते जमणार नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

राहिला विद्यार्थी व्हिसा, एफ-१. तुझ्यासाठी हाच. डिग्री पूर्ण कर आणि शार्लटच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एमएसला अर्ज कर. तिथे मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकवतात आणि इथल्या शॉपमध्ये त्या विद्यापीठाची मुलं भरपूर दिसतात. शिक्षण झालं की ओपीटीचं, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरीच्या परवानगीचं, एक वर्ष, वर इंजिनिअरिंगची दोन वाढीव. मिळून तीन वर्षं हातात. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं, त्यामुळे थेट भारतातून नोकरी धरणं आणखी अवघड झालंय. इथे शिकून मग नोकरी, हाच क्रम धर. आणि एफ-१ वर असताना बक्षिसाचा चेक घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचार. शंभर डॉलरच्या चेकपायी व्हिसा घालवू नकोस.

शार्लटच का, तर बहुतेक सगळे संघ इथेच आहेत. हेन्ड्रिक कॉन्कॉर्डला, गिब्ज हंटर्सव्हिलला, पेन्स्की मूर्सव्हिलला. साधारण अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत. हॉटेलात शेजारच्या टेबलावर टायर बदलणारा माणूस सापडतो. ओळखी अशाच होतात, आणि इथल्या बहुतेक जागा ओळखीतूनच भरतात. मराठी मंडळी आहेत पण बहुतेक बँकांत आणि आयटीत. त्यांच्यातला कुणी तुला प्रायोजक मिळवून देईल या भ्रमात राहू नकोस. गणपतीला जेवण मात्र झकास मिळेल.

गाडी चालवायची कुठे? लेजंड गाडीपासून सुरू कर. जुन्या फोर्ड-शेव्ही गाड्यांची छोटी प्रतिकृती, आत यामाहा मोटरसायकलचं इंजिन. त्या शार्लटजवळच हॅरिसबर्गमध्ये बनतात आणि उन्हाळ्यात शार्लट मोटर स्पीडवेच्या पाव मैलाच्या ट्रॅकवर त्यांच्या शर्यती होतात. जुनी गाडी दोघा-तिघांनी मिळून घेता येते. पुढची पायरी लेट मॉडेल, म्हणजे पूर्ण आकाराची स्टॉक कार, हिकरीसारख्या छोट्या ट्रॅकवर, शनिवारी रात्री. तिथे तुला पहिल्यांदा कळेल की ओव्हल (लंबगोल ट्रॅक) म्हणजे नुसतं डावीकडे वळणं नव्हे. गाडी ‘टाइट’ असली की वळायलाच तयार नसते, ‘लूज’ असली की मागचा भाग पळतो, आणि टायर झिजत जातो तसं तिचं वागणं दर दहा लॅपला बदलतं. ते रेडिओवर क्रू चीफला (गाडीच्या चमूच्या प्रमुखाला) दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. भारतात ओव्हल नाही, त्यामुळे हे तुला शून्यापासून शिकावं लागेल.

त्यानंतर आर्का, ट्रक, मग दुसऱ्या फळीची मालिका, मग कप. लायसन्स असलं म्हणून कुठेही उतरता येत नाही. आधी छोटे ट्रॅक, मग दीड मैलाचे, शेवटी डेटोना-टॅलडेगासारखे मोठे, वेगवान ट्रॅक, अशी नॅसकारची मंजुरी टप्प्याटप्प्याने मिळते.

बाहेरून आलेले कुणी जिंकलेच नाहीत असं नाही. दानिएल सुआरेझ मेक्सिकोतल्या मॉन्टेरेचा. इंग्रजी येत नव्हतं, कार्टून बघून शिकला. २०१६ मध्ये नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकेचा पहिला परदेशी विजेता झाला, २०२२ मध्ये सोनोमाला कपची शर्यत जिंकला. तरीही २०२५ संपताना त्याला संघ बदलावा लागला. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिस्बर्गन २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर कपची पहिलीच शर्यत जिंकला. असं १९६३ नंतर कुणी केलं नव्हतं. पण तो आला तेव्हा ऑस्ट्रेलियात सुपरकार्स या मालिकेचा तीनदा विजेता होता. आणि आपला नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वन करून आलेला माणूस, २०१० मध्ये ट्रक मालिकेत मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला, त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हरही ठरला. पुढच्या वर्षी तो परत फॉर्म्युला वनमध्ये होता. लोकप्रियतेची मतं भारतातून आली असतील, गाडी चालवायचे डॉलर काही आले नाहीत. हे माझं मत.

वयाचंही बोलायला हवं. इथली मुलं आठव्या वर्षी बॅन्डोलेरो या मुलांच्या छोट्या शर्यतगाडीत बसतात. विल्यम बायरन पंधराव्या वर्षी आला तर लोक त्याला उशिरा आलेला म्हणतात, आणि त्याने नंतर २०२४ आणि २०२५ ची डेटोना ५००, म्हणजे नॅसकारची सर्वांत मोठी शर्यत, जिंकली. तू एमएसला येईपर्यंत बावीस-तेवीसचा असशील. कपची दारं तुझ्यासाठी जवळजवळ बंद आहेत. उघडी आहेत ती वेगळी : लेट मॉडेलच्या शनिवारच्या शर्यती, स्पॉटरचं काम (उंचावरून बघून ड्रायव्हरला रेडिओवर आजूबाजूच्या गाड्या सांगणं), रेस इंजिनिअरिंग, आणि कंपन्यांच्या सिम्युलेटरवर गाडी चालवायची पगारी नोकरी. ही शेवटची फारशी कुणाला माहीत नसते. ट्रॅकवरचा सराव आता इतका कमी आहे की संघांचं बरंचसं काम सिम्युलेटरवरच होतं, आणि ज्याला गाडीही कळते आणि गणितही, असा माणूस त्यांना हवा असतो.

बायरन शिकला तो आयरेसिंग या शर्यतीच्या सिम्युलेटरवर, घरच्या कॉम्प्युटरवर. राजा करूथही तिथूनच आला आणि २०२४ मध्ये लास व्हेगासला ट्रकची शर्यत जिंकला. एक बरं स्टिअरिंग-पेडल आणि आयरेसिंगचं सदस्यत्व एवढा खर्च बाबांना सांग. उरलेली दोन वर्षं डिग्री कर, कोइम्बतूर सोडू नकोस आणि रात्री ओव्हल चालव. आयरेसिंगवर मार्टिन्सव्हिलला लेट मॉडेलच्या शंभर लॅप सलग मार आणि टेलिमेट्रीची (वेग, ब्रेक वगैरेंच्या नोंदींची) फाइल मला पाठव. सर्वांत वेगवान लॅप नको. सत्तराव्या लॅपनंतर तिसऱ्या वळणात ब्रेक कसा सोडतोस तेवढं बघायचंय.