नागपूरने देशाच्या साहित्याला कोणते लेखक दिले?

तुम्ही विचारलंय की देशाच्या साहित्यात ज्यांनी खरोखर भर घातली असे नागपूरचे लेखक कोण, आणि शाळेच्या पुस्तकात भेटतात त्यांच्यापलीकडची नावं सांगा. मी नागपूरचीच. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. नावं पुष्कळ आहेत, पण मला सुरुवात करावीशी वाटते ती दोन भावांपासून.

गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध. सख्खे भाऊ, घरची भाषा मराठी. थोरल्याने हिंदीत लिहिलं, धाकट्याने मराठीत. थोरल्याचं नाव घेतल्याशिवाय आज हिंदी कवितेवर बोलता येत नाही. धाकट्याला 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघांच्याही आयुष्याचा मोठा तुकडा नागपुरात गेला. असं दुसरं घर मला तरी माहीत नाही.

मला हे फार उशिरा कळलं. बी.ए.ला हिंदी घेतलं होतं, तेव्हा सरांनी थोरल्या मुक्तिबोधांची 'अंधेरे में' ही कविता शिकवायला घेतली आणि सहज म्हणाले, हा कवी मराठी घरातला, आणि आपल्याच गावात राहिलेला. त्या कवितेत रात्रीचं शहर आहे, मिरवणूक आहे, लष्कर आहे, गोळीबार आहे. कवी नागपुरात पत्रकारी करत होता तेव्हा इथल्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला होता, आणि कवितेचा संबंध समीक्षक त्याच्याशी जोडतात. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. संध्याकाळी घरी येऊन मी त्यांना ती कविता वाचून दाखवली. जिथे अडलं तिथे मराठीत सांगत गेले. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग एकच विचारलं, "आपला माणूस व्हता, तर हिंदीत काऊन लिहिलं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे बरीच वर्षं तो प्रश्न माझ्याजवळ राहिला, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मला त्यातच दिसतं.

सोपं उत्तर असं की थोरले मुक्तिबोध १९१७ साली श्योपूरला जन्मले, माळव्यात वाढले, शाळा हिंदी, मित्र हिंदी. पण धाकटाही त्याच मुलखात, त्याच आईवडिलांकडे वाढला. त्याने मराठी धरली. 'क्षिप्रा', 'सरहद्द', 'जन हे वोळतु जेथे' या त्याच्या कादंबऱ्यांमध्ये तोच माळवा मराठीत आला आहे. म्हणजे नुसत्या परिस्थितीवर बोट ठेवून भागत नाही. ज्या भाषेत आपला विचार पूर्ण होईल ती भाषा प्रत्येकाने शोधली आणि तिला सगळं आयुष्य दिलं. १९४३ साली हिंदी कवी अज्ञेयांनी 'तार सप्तक' हे सात कवींच्या कवितांचं पुस्तक संपादित केलं. हिंदीतल्या नव्या कवितेची वाट तिथून सुरू झाली असं मानतात. त्यातल्या सात कवींपैकी दोघं, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी घरांतले होते. हिंदीच्या इतिहासातली एवढी मोठी गोष्ट मराठी वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असते, याची मला खंत वाटते.

आणि नागपूरच का? तेव्हाचं नागपूर म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडची, मग जुन्या मध्यप्रदेशची राजधानी. सरकारी कामाला हिंदी आणि मराठी दोन्ही लागायच्या, वर्तमानपत्रं दोन्ही भाषांत निघायची. थोरल्यांना इथे माहिती खात्यात, आकाशवाणीवर आणि 'नया खून' या साप्ताहिकात काम मिळालं. पस्तिशी उलटल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठातून हिंदीत एम.ए. केलं. घरात मुलंबाळं, खिशात पैसा नाही, आणि त्यातच त्या लांबलचक कविता. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, राजधानी भोपाळला गेली, नागपूर मुंबई राज्यात आलं. दोन वर्षांनी मुक्तिबोध राजनांदगावच्या कॉलेजात शिकवायला गेले. ११ सप्टेंबर १९६४ ला दिल्लीत वारले, अवघ्या ४६व्या वर्षी. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर निघाला. आपल्या कवितेचं एक पुस्तकही त्यांना हातात धरता आलं नाही. हे लिहितानाही मला गलबलून येतं.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. एप्रिल १९३६ मध्ये याच नागपुरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषदेचं अधिवेशन भरलं होतं. प्रेमचंद आले होते, उर्दूचे मौलवी अब्दुल हक आले होते. सगळ्या भारतीय भाषांच्या साहित्याला एकत्र आणायचं, हा हेतू. पण ते काम कोणत्या भाषेतून चालवायचं, तिला हिंदी म्हणायचं की हिंदुस्थानी, यावरच वाद पेटला आणि अब्दुल हक नाराज होऊन परतले. भाषा आधी ठरवून देशाचं साहित्य उभं राहत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं असं मला वाटतं. बारा वर्षांनी थोरले मुक्तिबोध नागपुरात राहायला आले, आणि कुठलाही ठराव न करता एकाच घराने दोन भाषांना दोन लेखक दिले.

या नजरेने पाहिलं की नागपूरचे इतर लेखकही मला वेगळे दिसायला लागतात. कुसुमावती देशपांडे घ्या. 'कवी अनिलांच्या पत्नी' म्हणून त्यांची ओळख करून देतात त्याचा मला राग येतो. मॉरिस कॉलेजात शिकल्या, लंडनला जाऊन इंग्रजी साहित्य शिकल्या, परत येऊन इथेच शिकवलं. कथा लिहिल्या, 'पासंग'सारखी समीक्षा लिहिली. १९६१ ला ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. त्याच वर्षी गेल्या. मराठी साहित्याचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवला होता. पुढे मं. वि. राजाध्यक्षांच्या नावासोबत साहित्य अकादमीने १९८८ मध्ये तो ग्रंथ काढला. बंगाली किंवा मल्याळी वाचकाला ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंतची वाट दाखवणाऱ्या या नागपूरच्या बाई.

सुरेश भट अमरावतीचे, पण शेवटची वर्षं नागपुरात गेली, १४ मार्च २००३ ला इथेच वारले. रेशीमबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. गाण्यांमुळे ते सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून त्यांच्यावर थोडक्यात लिहिते. उर्दूची गझल तिच्या सगळ्या शिस्तीसकट त्यांनी मराठीत रुजवली, आणि नव्या मुलांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. आपल्याला जमलेली कला दुसऱ्यांना अशी मोकळ्या हाताने देणारा कवी विरळाच. ग्रेसबद्दल लोक माझ्याशी भांडतील, पण मला वाटतं त्यांची कविता मराठीबाहेर नेताच येणार नाही. 'संध्याकाळच्या कविता' वाचायची असेल तर मराठी शिकावी लागेल. तेही देणंच आहे.

महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'त धरणगावकर देशपांड्यांचा वाडा आहे, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे, मुंबईहून आलेला भाऊ आहे, आणि आपल्याकडची बोली आहे. माझी आई त्या नाटकाला आली होती. मध्यंतरात म्हणाली, "हे तर आमच्या मामाचं घर आहे." ते हिंदीत 'विरासत' नावाने गेलं, इंग्रजीत गेलं, आणि जिथे जिथे जमीन सुटत चाललेली घरं आहेत तिथल्या लोकांना आपलं वाटलं. आपल्या गावचं इतकं बारकाईने लिहिलं म्हणूनच ते सगळीकडे पोचलं, असं माझं मत आहे. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे.

पण तुम्ही मला एकच नाव विचारलंत तर मी कुमुद पावडे यांचं सांगेन. महार समाजातली मुलगी, माहेरचं नाव सोमकुवर. शाळेपासून संस्कृतचा ध्यास घेतला, जी भाषा तिच्या कानावरही पडू नये म्हणून शतकानुशतकं बंदोबस्त केलेला होता. एम.ए. झाली तरी संस्कृत शिकवायची नोकरी मिळेना. मुलाखत घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटायचं ते त्यांनी लिहून ठेवलंय. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं, आणि मग नोकरी मिळाली. त्यावर त्यांनी लिहिलंय ते असं की नोकरी कुमुद सोमकुवरला मिळालीच नाही, कुमुद पावडेला मिळाली. १९८१ च्या 'अंतःस्फोट'मध्ये हे सगळं आहे, आणि त्यातला संस्कृतवरचा लेख इंग्रजीत जाऊन देशभर वाचला गेला. मी नववीच्या मुलींना तो वाचून दाखवत असे. अभ्यासक्रमात नव्हता. एका वर्षी त्यावरून मला वरून बोलावणं आलं, समज दिली गेली. पुढच्या वर्षी मी पुन्हा वाचून दाखवला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्यानंतर शिकून उभ्या राहिलेल्या पिढीने नागपुरात जे लिहिलं त्याचा पसारा मोठा आहे. वामन निंबाळकरांची 'गावकुसाबाहेरील कविता', यशवंत मनोहरांचं 'उत्थानगुंफा', ज्योती लांजेवार यांची 'आई' ही कविता. 'आई' वाचताना माझा आवाज अजून फुटतो. आपलं राज्य, आपला देश कुणाच्या घामावर उभा आहे ते त्या बाईच्या पाट्यावाहण्यातून दिसतं. या कवितेला वगळून केलेली देशाच्या साहित्याची कोणतीही यादी मी मानणार नाही.

बाबांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे दिलं. ते निवृत्त झाले होते, मिलही बंद पडत आली होती. आज तिथे मॉल आहे. मी सांगितलं की त्याने हिंदीत लिहिलं म्हणून कानपूरच्या गिरणीतल्या माणसालाही ते वाचता आलं. थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "अन् धाकट्याचं आपल्यासाठी." मग धाकट्याची कविता वाच म्हणाले, आणि मी 'नवी मळवाट' काढलं.

तुम्हाला ही पुस्तकं हवी असतील तर काही जुनी आहेत, दुकानात सहज मिळत नाहीत. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात विचारा. आणि जमलं तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला या. दीक्षाभूमीच्या आसपास पुस्तकांचे स्टॉल लागतात, दिवसभर उन्हात चालून आलेली माणसं घरच्यांसाठी पुस्तकं घेऊन जातात. 'अंतःस्फोट' तिथे शोधा. पिशवी मोठी आणा.