वर्गात समजतंय, तरी धास्ती वाटते: पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी

कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले, लेक्चरला सगळं समजतंय, वही कुणी तपासत नाही, आणि तरी काहीतरी निसटत चाललंय अशी धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. ही धास्ती खोटी नाही, तिचं ऐका. मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवते. पहिल्या सत्रात अडकलेली जी मुलं माझ्याकडे येतात, त्यातली बरीचशी शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी असतात. बुद्धी कमी पडलेली नसते. शाळेत रोज कुणी ना कुणी विचारत असतं: वही दाखव, फळ्यावर ये, चाचणीत किती पडले? कॉलेजात हे विचारणं एकदम थांबतं, आणि आपल्याला काय येत नाही हे थेट परीक्षेतच कळतं. ते विचारायचं काम आता तुम्ही स्वतः करायचं आहे, आणि याच आठवड्यापासून.

'वर्गात समजतं' यावर फार विसंबू नका. दरवर्षी कुणीतरी भरगच्च वही घेऊन येतं आणि म्हणतं, "मॅडम, सगळं समजतं, पण पेपरात सुचत नाही." मी वही मिटायला सांगते, कोरा कागद देते आणि आदल्याच दिवशी फळ्यावर सोडवलेलं गणित परत सोडवायला सांगते. समजा, एक्स गुणिले कॉस एक्स याचं इंटिग्रेशन. गुणाकाराचं सूत्र बरोबर लिहिलं जातं: एकाला डिफरन्शिएट करायचं, दुसऱ्याला इंटिग्रेट. मग पेन थांबतं. एक्स आणि कॉस एक्स यांपैकी डिफरन्शिएट कोणतं करायचं? वहीत एक्सला केलेलं असतं, पण का, ते वाचताना कधी मनात आलेलंच नसतं. एक्सला केलं की उरतो १ आणि गणित सोपं होतं; उलट केलं तर एक्सचा वर्ग येऊन बसतो आणि गणित आणखी अवघड होतं. हा निर्णय फळ्यावर मी घेतलेला असतो, त्यामुळे मुलांना तो निर्णय होता हेच जाणवत नाही. इतिहास, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, कुठलाही विषय घ्या, दुसऱ्याने केलेली मांडणी पाहताना सोपीच वाटते.

म्हणून लेक्चर झालं की त्याच दिवशी, वही न उघडता, आज काय झालं ते दहा-पंधरा मिनिटं लिहून काढा. मग वही उघडून जे राहिलं त्यावर खूण करा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हाच दिसलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यात जास्त असतो. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवतील तसे लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. आठवून लिहिताना अडखळायला होतं, म्हणून मुलं ते टाळतात आणि रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करत बसतात. त्यात वेळ छान जातो, डोक्यात फारसं राहत नाही.

वेळेचा हिशोबही आत्ताच करा. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि प्रत्येक क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे वर्षाचे १५०० ते १८०० तास. त्यात लेक्चर आलं, आणि वाचन, प्रकल्प, परीक्षेची तयारीही आली. तुमच्याकडची पद्धत वेगळी असू शकेल, पण वेळापत्रकात छापलेले तास म्हणजे पूर्ण काम नव्हे, हे कुठेही खरं आहे. दोन लेक्चरच्या मधला रिकामा तास दिसतो सुट्टीसारखा. आठवड्यातले असे दोन-तीन तास जरी ठरवून वाचनालयात बसून वापरलेत तरी संध्याकाळ मोकळी राहते.

आता दुसऱ्यांना विचारण्याबद्दल, कारण इथे मुलं सगळ्यात जास्त कचरतात. आपण गेलो तर सरांना वाटेल याला एवढंही येत नाही, ही भीती असते. माझा अनुभव सांगते: नेमका प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी शिक्षकाला आवडतो. "मला हा धडा कळला नाही" म्हटलं तर आम्हालाही कुठून सुरुवात करायची कळत नाही. "तिसऱ्या ओळीपर्यंत आलं, चौथी कशी आली ते कळत नाही" म्हटलंत तर पाच मिनिटांत काम होतं. जिथे अडलात तो कागद, खाडाखोडीसकट, सोबत न्या. आणि पहिली भेट परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. तेव्हा दाराबाहेर रांग असते.

मैत्रीची घाई करू नका. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे गट झाले आणि आपणच एकटे उरलो असं वाटतं. त्यातले बरेच गट सत्र संपेपर्यंत बदललेले असतात. अभ्यासाला मात्र असा एक तरी सोबती शोधा जो तुम्हाला समजावून सांगायला लावेल. रात्रभर जागून अभ्यास करू नका, दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं व्हायला मदत होते. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कॉलेजला जावंसंच वाटत नसेल, तर तो आळस समजू नका. घरी सांगा, समुपदेशक असेल तर त्यांना भेटा.

शाखा चुकली की काय, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. तीन आठवड्यांत ते ठरवता येणार नाही. विषय अवघड जातोय की नकोसा वाटतोय, हे आधी वेगळं करून पाहा. महिनाभर वर सांगितलं तसं काम करा. गणित सुटायला लागल्यावरही त्यात मन लागत नसेल, तर बदलाचा विचार जरूर करा. शाखा बदलण्याची शेवटची तारीख कोणती आणि त्यासाठी काय लागतं, हे मात्र कार्यालयात उद्याच विचारून या. ही मुदत बऱ्याचदा पहिल्या निकालाच्या आधीच संपलेली असते.